सोळापैकी बारा

मास्तरांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली. दोन बोटं म्हणजे विकायचं, एक म्हणजे घ्यायचं, मूठ म्हणजे थांबायचं. चार महिन्यांपूर्वी झटका येऊन उजवी बाजू गेली, वाचा गेली, लिहिणंही गेलं. तेव्हापासून शेअरबाजाराशी बोलायला त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं.

बायकोचा हात माउसवर होता, नजर घड्याळावर.

"सगळे?"

बोटं हलली नाहीत.

"चारही हजार? एकदम?"

"च्यायला," मास्तर म्हणाले.

मेंदूने बायकोचं नाव पुसलं, स्वतःचं पुसलं, आणि ही एक शिवी तेवढी जपून ठेवली. भूक लागली तरी तीच, दुखलं तरी तीच, डॉक्टर आले तरी तीच. "आमच्याकडचे संस्कार जरा दांडगेच आहेत," असं बायको आलेल्यागेलेल्याला आधीच सांगून टाकायची, म्हणजे हसावं की नाही याचा पुढच्याला पेच पडत नसे.

समोरच्या पडद्यावर दोरखंड बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीचा आलेख होता. भाव आधी घसरला, मग हळूहळू वाटीसारखा गोल वळून वर आला, आणि कडेला जरासा लोंबकळला. कप आणि कपाचा कान. कान संपून भाव कडेच्या वर गेला की पळत सुटतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मास्तरांनी याच खोलीत दर रविवारी तीस खुर्च्या मांडून ते शिकवलं. लोक फी देऊन शिकले, आणि ती फी मास्तरांनी त्याच कपांत ओतली. जवळजवळ प्रत्येक कप गळका निघाला. आधी गाडी गेली, मग सासऱ्यांनी दिलेला जमिनीचा तुकडा गेला. पण कपाला कधी दोष द्यायचा नाही, ही या लोकांची शिस्त. कप बरोबरच होता, आपणच घाई केली, म्हणायचं आणि पुढचा कप शोधायला बसायचं. दारुड्यालासुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी थोडी लाज वाटते.

आता या घरात गळायचं राहिलं होतं ते एकच. बायकोचं बटणांचं दुकान. बावीस वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या शिलाईच्या पैशांतून उघडलेलं. प्रत्येक खणाच्या तोंडाशी आत कुठलं बटण आहे ते दाखवायला तेच बटण शिवून ठेवलेलं. दुकानात बसणं आणि नवऱ्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं ही दोन्ही कामं एका माणसाने करायची कशी? आज तीन वाजता दुकान घेणारा इसार घेऊन येणार होता, आणि अडीच वाजून गेले होते.

मास्तरांना बोलता येत नव्हतं, पण मनातला हिशेब शाबूत होता. आजचा सौदा झाला तर सांभाळायला ठेवायच्या बाईचा वर्षाचा पगार निघत होता. मग दुकान विकायचं कारणच उरत नव्हतं. थोडे थोडे करत चार हजार शेअर घेऊन सहा आठवडे ते याच कपाकडे टक लावून बसले होते, आणि तासाभरापूर्वी भाव खरोखर कडेच्या वर गेला होता.

बायकोने बटण दाबलं.

पडद्यावर लगेच हिरवी पट्टी उमटली. चार हजार विकले. भाव एकशे बेचाळीस.

मास्तरांचा अर्धा चेहरा हसला. मग ते हसू तिथेच थांबलं.

चार हजार शेअर, एकाच भावाला, डोळ्याचं पातं लवायच्या आत? या कंपनीत दिवसाकाठी सहा हजारांचा व्यवहार झाला तरी खूप झाला. असला माल विकायला काढला की दोनशे इथे जातात, पन्नास तिथे जातात, घेणारा सावध होऊन मागे सरतो, आणि शेवटचे हजार खपेपर्यंत भाव एकशे तीसला आलेला असतो. वीस वर्षांत बाजाराने त्यांचा माल एवढ्या अदबीने कधीच उचलला नव्हता.

झटक्यानंतर त्यांना उजवीकडचं दिसत नसे. म्हणून बायको आलेख डावीकडे सरकवून द्यायची. आज त्यांनी मान कष्टाने उजवीकडे वळवली, पडद्याच्या कोपऱ्यापर्यंत नेली. तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सराव खाते.

बायकोने माउसवरचा हात काढला.

"वाचलंत ना?" ती म्हणाली. "खरं खातं दवाखान्याच्या बिलात गेलं. तुम्ही बेशुद्ध होतात तेव्हाच. डॉक्टर म्हणाले, डोकं चालू राहू दे यांचं. मग माझ्या धाकट्या बहिणीने हे लावून दिलं. भाव खरे, पैसे खोटे."

"च्यायला," मास्तर अगदी हळू म्हणाले.

"घाला शिव्या. मी ऐकून घेते."

त्यांनी खिळ्याला लावलेल्या दुकानाच्या किल्ल्यांकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं.

"जाऊ दे हो दुकान. ते जाणारच होतं. हे बघा आधी."

तिने टेबलाच्या खणातून दुकानाचं बिलबुक काढलं आणि मागच्या पानावर आजची तारीख टाकून त्यापुढे बरोबरची खूण केली. वरपासून खालपर्यंत तारखा होत्या, खुणा होत्या, एकही खाडाखोड नव्हती.

"सोळा वेळा सांगितलंत. आजचं धरून बारा बरोबर. मनाचं नाही सांगत, लिहून ठेवलंय." तिने बिलबुक मिटलं. "वीस वर्षं मी तुम्हाला वेड्यात काढलं. माझ्या भावांसमोर काढलं, तुमच्या त्या तीस खुर्च्यांसमोर काढलं. चुकलंच माझं."

हे वाक्य ऐकायला मास्तर वीस वर्षं आसुसले होते. ते आलं आणि त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला.

"दुकानाचे पैसे आठवड्यात पूर्ण येतील. निम्मे बाईला आणि औषधांना. निम्मे यात घालू. खरं खातं उघडलंय मी, माझ्या नावावर. तुम्ही बोटं दाखवा, मी दाबते."

बाराच्या बारा सौद्यांत समोर घेणारं कुणी नव्हतंच. यंत्र नुसतं मान डोलवत होतं. खऱ्या बाजारात त्यातले तीन टिकले असते, फार तर चार. हे समजावायला पूर्वीच्या मास्तरांना एक फळा, एक खडू आणि दहा मिनिटं पुरली असती. त्यांच्याकडे एक शिवी होती.

त्यांनी मूठ वळून वर धरली.

"हो हो, थांबायचंच," बायको खुलली. "पैसे हातात आल्याशिवाय घाई कशाला? बघा, पूर्वी इतक्या सबुरीने घेत होतात का कधी?"

ते जोरजोरात मान हलवू लागले. पण झटक्यानंतर त्यांच्या हो आणि नाहीची अदलाबदल होत असे. मानेवर विश्वास ठेवू नका, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

"च्यायला! च्यायला!"

"एवढं खूश नका होऊ, बीपी वाढेल."

दारावरची बेल वाजली. माणूस वेळेआधीच आला होता. ती उठली, किल्ल्या काढून घेतल्या, केसांवरून हात फिरवला. ती जवळून जाताना त्यांनी तिचं मनगट पकडलं. जिवंत राहिलेल्या अर्ध्या अंगातली सगळी ताकद त्या पकडीत होती.

ती थांबली. हाताकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"मलाही वाईट वाटतंय हो दुकानाचं," ती म्हणाली. "पण तुमच्यावर भरवसा आहे ना माझा."

बेल पुन्हा वाजली. तिने त्यांचं एकेक बोट हलकेच सोडवलं, हात त्यांच्या मांडीवर नीट ठेवला आणि दार उघडायला गेली.