मंजूचा पाय मोजला तेव्हा

मी सत्यशीलाबाईंच्या गळ्यातली टेप बोलतेय. रंगानं पिवळी, लांबीनं दीडशे सेंटीमीटर. माझ्या एका अंगावर इंच आहेत, दुसऱ्यावर सेंटीमीटर. आमच्या परळीत ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया इंचातच बोलतात, त्यामुळे माझं दुसरं अंग चौदा वर्षं कुणी वाचलंच नव्हतं. ते वाचलं गेलं गेल्या मार्चमध्ये, एका रविवारी सकाळी, आणि तिथून या घराला अन्नपाणी गोड लागेना.

कारखान्यातला माझा जन्म मला आठवत नाही. आठवतं ते मोंढ्यातलं दुकान. तिथं आम्ही बारा जणी एका पुड्यात होतो. सत्यशीलाबाईंनी मला उचललं आणि तिथंच गळ्यात टाकलं. त्यांनी तेव्हा नुकतंच घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडलं होतं. त्यांचे मालक, बजरंग, थर्मल वीज केंद्राच्या राखेच्या टँकरवर ड्रायव्हर. आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. घरात बाई, त्यांची मुलगी मंजुषा, आणि मी.

परळीत राख सगळ्यांवर बसते. बाई सकाळी मशीन पुसायच्या, तसंच मलाही कोमट पाण्यात बुडवून पिळून वाळत घालायच्या. लहानपणी मंजू माझं एक टोक दाराच्या कडीला बांधायची आणि दुसरं धरून मागं रेलायची. मी सगळं सोसलं. मला वाटायचं, आपला धंदाच ताणून धरायचा.

मंजू मोठी झाली, बीएस्सीला गेली, एनसीसीत भरती झाली. एका शिबिरात हवाई दलातल्या एक पायलट मॅडम बोलायला आल्या होत्या. त्या दिवशी घरी येऊन ती चपला न काढताच म्हणाली, "आई, मला इमान चालवायचंय."

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून त्या म्हणाल्या, "आदी जेव."

पण ते खूळ नव्हतं. दोन वर्षं ती पहाटे चेमरी टेकडीपर्यंत धावत गेली, दिवसा गणितं सोडवत बसली. फेब्रुवारीत लेखी परीक्षा झाली, मार्चमध्ये निकाल लागला. ती पास. आता निवड केंद्रावर जायचं होतं. त्यासाठी अकरा तारखेपर्यंत संगणकावर आपली तारीख नक्की करायची होती. निकालासोबतच्या सूचनेतच उंची, वजन आणि पायाची लांबी दिली होती. बसून पाय सरळ केला, की भिंतीपासून टाचेपर्यंत निदान नव्व्याण्णव सेंटीमीटर भरायला हवेत. कमी भरले, तर विमान विसरा.

त्या रविवारी मंजू भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली. पाय ताठ केला. टाचेला लागून तिनं जाड पुस्तक उभं केलं. बाईंनी मला गळ्यातून काढलं, उलटं केलं आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंत अंथरलं.

बाई वाकून बघत राहिल्या. बराच वेळ.

"आई, किती?"

"थांब, परत बघते."

परत बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. मंजूनं श्वास धरून ठेवला होता.

"आई, खरं सांग. किती बी असू दे."

"अठ्ठ्याण्णव," बाई म्हणाल्या. "आन वर चार रेघा."

मंजू उठली नाही. तशीच भिंतीला टेकून आपल्या पायाकडे बघत बसली. जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. मी फरशीवर तिच्याशेजारी पडून होते. माझ्यावरचे आकडे सुबक छापलेले होते. माझा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

दुपारी तिनं छत्रपती संभाजीनगरच्या एका क्लासच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "नव्व्याण्णवच्या खाली असेल तर पहिल्याच टप्प्यावर परत पाठवतात. उगाच कशाला जातेस?"

संध्याकाळी तिनं हवाई दलाच्या माहिती कक्षाला ईमेल लिहिला. चार वेळा खोडला, पाचव्यांदा पाठवला. घरी मोजल्यावर पाय सहा मिलिमीटर कमी भरतोय, मी यावं की नाही, एवढंच. खाली फोन नंबर.

मग वाट बघणं सुरू झालं. सोमवार गेला. मंगळवार गेला. मंजू दर दहा मिनिटांनी फोन उघडायची. ती धावायला जाईना. बाईंचंही कामात लक्ष लागेना. एका लग्नाच्या ब्लाउजची बाही उलटी लागली, ती त्यांनी दातओठ खात उसवली.

बुधवारी बजरंग घरी आले. जेवताना म्हणाले, "ठरीव तारीख आन जा की. न्हाई झालं तर माघारी ये."

"आन तिथं सगळ्यासमोर मोजून काढून दिलं तर?" मंजू म्हणाली. "मी न्हाई जाणार, अण्णा."

ती आत निघून गेल्यावर बाई हळूच बोलल्या, "मीच सहा रेघा जास्त सांगायला पायजे होत्या. माझ्याच पोटातून आलाय तिचा पाय. माझ्याच तोंडानं आखूड म्हणले."

बजरंगनी ताट सरकवलं.

दहा तारीख गेली. अकरा तारखेला, शेवटच्या दिवशी, दुपारी सव्वातीनला मंजूचा फोन वाजला. नंबर दिल्लीकडचा. मंजूनं स्पीकर लावला. बोलणाऱ्या मॅडम होत्या. त्या हिंदीत बोलत होत्या. मला समजलं ते असं.

"मंजुषा? तुझा ईमेल वाचला. माप कुणी घेतलं?"

"आईनं, मॅडम."

"कशानं?"

"आईच्या टेपनं. आई शिवणकाम करते."

"टेप किती जुनी?"

मंजूनं आईकडे बघितलं. बाईंनी बोटांवर मोजलं. "चौदा वर्षं."

मग मॅडम म्हणाल्या, "कापडी टेप वापरून ताणली जाते. पोलादी टेपशी ताडून बघ. आणि एक ऐक. पाय मोजायचं काम आमचं आहे. घरी मोजून तू स्वतःलाच नापास करू नकोस. तारीख नक्की केलीस?"

"नाही, मॅडम."

"आज रात्री बारा वाजेपर्यंत वेळ आहे." फोन ठेवला.

मला तेव्हा काय वाटलं, ते कसं सांगू? मी बाईंच्या गळ्यात होते आणि बाई अनवाणीच धावत सुटल्या होत्या, मागोमाग मंजू. दोन घरं सोडून रामहरी सुताराचं दुकान. रंधा मारता मारता तो थांबला.

"भाऊ, तुमची पोलादी टेप द्या."

"काय झालं वैनी? कावून पळताय?"

"द्या आदी!"

त्यानं फळीवर पोलादी टेप ओढली. शेजारी मला अंथरलं. एका टोकाला शून्यावर शून्य ठेवून मंजूनं अंगठा दाबला. रामहरी डोळे बारीक करून शंभराच्या आकड्याकडे वाकला.

"ही पोलादी शंबर दाखवती," तो सावकाश म्हणाला. "आन तुमची... नव्व्याण्णव आन दोन. वैनी, लई ताणली हाय ही. हिचा सेंटीमीटर मोठा झालाय. म्हणून पाय कमी भरला."

चौदा वर्षं कुणाला कळलं नाही, कारण माझ्यानंच माप घ्यायचं आणि माझ्यानंच कापड आखायचं. दोन्हीकडे चूक सारखी, ब्लाउज बरोबर बसायचे. मलाही कळलं नव्हतं. पण मंजूचे ते आठ दिवस मी खाल्ले होते.

तिथंच, भुशात, मंजू फळकुटाला पाठ लावून बसली. पोलादी टेपनं मोजलं. नव्व्याण्णव आणि दोन रेघा.

"दोनच रेघा," मंजू म्हणाली.

"दोन लई झाल्या," बाई म्हणाल्या. "जा. तारीख टाक."

मेच्या पहिल्या आठवड्यात ती गांधीनगरला गेली. तिथं फोन जमा करून घेतात. पाच दिवस काही कळलं नाही. लग्नसराईच्या गर्दीचे दिवस असूनही बाईंनी नवीन कापड घेतलं नाही. टाच किती दाबून धरतात, पाठ किती टेकवतात, यावर दोन रेघा सहज जातात, हे मोजणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. बजरंगही घरी होते.

"आई," मंजूचा आवाज बसलेला होता. "न्हाई झालं."

बाई मशीनची कड धरून खाली बसल्या. "पायामुळं?"

"काय?"

"पायामुळं न्हाई झालं का?"

"न्हाई गं आई. पाय नव्व्याण्णव पॉइंट एक भरला. पायलटची मशीनवरची टेस्ट बी पास झाले. ती आयुष्यात एकदाच देता येती, ती झाली. मुलाखतीत कमी पडले. मी लई घाबरून बोलले."

बाईंनी पदर तोंडाला लावला. बजरंगना वाटलं त्या रडतायत. रडतच होत्या, पण मी गळ्यात होते. आठ आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा श्वास पूर्ण खालपर्यंत गेलेला मला जाणवला.

"मुलाखत व्हय," त्या म्हणाल्या. "ते येतं शिकता. परत फारम कधी निघतो?"

"जूनमध्ये."

"मग गाडीत झोप नीट. स्टेशनवर अण्णा येतेत."

आता बाईंच्या गळ्यात नवी टेप आहे. मला त्यांनी फेकलं नाही. अस्तराच्या तुकड्यांचं गाठोडं माझ्यानं बांधलंय आणि मी कपाटावर असते. इथून पुढची खोली दिसते. रोज सकाळी बाई मशीनवर बसतात, मंजूला समोर स्टुलावर बसवतात आणि विचारतात, "हं, सांगा मॅडम, तुमाला हवाई दलातच कावून यायचंय?" मंजू उत्तर द्यायला लागते. बाई मधेच थांबवतात. "घाई न्हाई. परत सांग."

कुणाला गाठोडं सोडायची वेळ आली, तर एवढंच करा. माझ्यानं पुन्हा कुणाला मोजू नका. मला बांधण्याच्या कामाला राहू द्या. ते मला बरं जमतंय.