कातळावरचा कोड

दुसऱ्यांच्या खात्यांत शिरणं हाच चैत्रालीचा धंदा होता, आणि तो तिला मनापासून आवडायचा. अंबरनाथ पश्चिमेच्या घरी गॅलरीत खुर्ची टाकून ती सकाळी उल्हासनगरचं जीन्सचं दुकान व्हायची आणि ‘साइझ मिल जाएगा भैया’ असं उत्तर टाकायची. दुपारी दातांचा दवाखाना होऊन रूट कॅनलला घाबरलेल्यांना धीर द्यायची. संध्याकाळी बदलापूरच्या एका केटररच्या पानावर ढोकळ्याचे फोटो चढवायची. नोकरी सोडून तिने हे दुकानांची ऑनलाइन पानं सांभाळणं सुरू केलं तेव्हा तिचे बाबा, श्रीपाद, बराच विचार करून म्हणाले होते, “म्हणजे तू लोकांच्या वतीने बोलतेस.” त्यांना ते वकिलीसारखं वाटलं होतं.

त्याच बाबांना घेऊन एका रविवारी ती बारवी धरणाच्या बाजूला, घरगुती जेवण देणाऱ्या भिकीमावशींकडे जेवायला गेली. पाड्यावरचं साधं घर, अंगणात चटया, चुलीवर शिजलेली गावठी कोंबडी आणि तांदळाची भाकरी. मावशी वाढत होत्या तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“फेशियल नाय करत आमी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कोंबडी करतो.” फोन कमरेला खोचून त्यांनी बाबांच्या ताटात रस्सा ओतला.

चैत्रालीचा घास हातातच राहिला. “असे फोन नेहमी येतात?”

“येतात की. एक बाई इचारीत व्हती, नवरीच्या मेकपचं किती घेता. म्हटलं, घेऊन ये नवरीला, पोटभर जेवंल तरी.”

बाबांना हसता हसता ठसका लागला. चैत्रालीने मोबाइलवर नकाशा उघडून बघितला. पाड्याच्या बरोबर मधोमध, डोंगर आणि भातखाचरांच्या मध्ये, भिकीमावशींचं घर ‘ब्युटी पार्लर’ म्हणून झळकत होतं. कुणीतरी ओळखीचा माणूस मागे ही नोंद करून देऊन गेला होता. घाईत बोट चुकीच्या ओळीवर पडलं असणार. पासवर्ड तो स्वतःबरोबर घेऊन गेला आणि आता त्याचा फोन लागत नव्हता. बरं एवढंच, की खातं मावशींच्या नवऱ्याच्या, देऊकाकांच्या नंबरवर होतं. त्या नंबरवर कोड मागवला की नवा पासवर्ड करता येणार होता.

“पुढच्या आठवड्यात येते,” चैत्राली म्हणाली. “चुटकीसरशी होईल.”

ठरल्याप्रमाणे ती स्कूटीवरून आली तेव्हा कळलं की देऊकाकांच्या फोनला घरात रेंजच नाही. ती मिळायची घरामागच्या टेकाडावर, एका काळ्या कातळावर उभं राहिलं की. आणि चैत्रालीचं नेट चालायचं ते फक्त अंगणात. कोड घेऊन खाली उतरेपर्यंत त्याची मुदत संपणार.

“मी जातो वर,” देऊकाका म्हणाले आणि दारातच थबकले. “पन बँकेतल्या सायबानं सांगितलंय, कोड कुनाला सांगायचा नाय.”

“बरोबर सांगितलंय त्यांनी. पण हे खातं तुमचंच आहे, आणि मावशी माझ्या शेजारी बसून बघतायत. पासवर्ड तुम्ही ठेवा, मला सांगूसुद्धा नका. मालक तुम्ही, मी नुसती मॅनेजर.”

मालक म्हटल्यावर देऊकाका खुशीत चढून गेले. कोड आला आणि त्यांनी तो साऱ्या खोऱ्याला ऐकवला. “एकोणसत्तर. अडतीस. सत्त्याण्णव.”

चैत्राली इंग्रजी शाळेत शिकलेली. तिने एकोणसत्तर म्हणून एकोणऐंशी टाकले. कोड चुकला.

“सत्तराला एक कमी, गो,” मावशी म्हणाल्या.

“मग सत्त्याण्णव म्हणजे सातला काय कमी?”

मावशींनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या कोडात एकोणनव्वद निघाले आणि चैत्राली बोटांवर हिशेब करता करता इतकी हसली की फोनच मांडीवरून घरंगळला. शेवटी तिने ओरडून सांगितलं, “काका, एकेक आकडा सांगा.”

पण एकेक आकडा वाऱ्यावर विरून जाई. सात की आठ, काही कळेना. मधल्या शेतात भाताचे भारे बांधणारी सखू, मावशींची जाऊ, इतका वेळ गंमत बघत होती. तिने विळा खाली ठेवला, बांधावर चढली आणि वरून ऐकलेला आकडा बोटांनी दाखवू लागली. चार बोटं. मग शून्य आलं. सखू क्षणभर विचारात पडली, मग तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठं गोल वेटोळं केलं. सात. सात. पुन्हा वेटोळं. दोन. चैत्रालीला हसू आवरत नव्हतं, तरी आकडे बरोबर पडले. खात्याचं दार उघडलं.

आता पासवर्ड. चैत्राली पाठ फिरवून बसली. “मी बघत नाही. टाका तुम्ही.”

मावशी एका बोटाने टाइप करू लागल्या आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणू लागल्या. चैत्रालीने कानांत बोटं घातली. मावशी आणखी मोठ्याने म्हणू लागल्या. बांधावरून सखू म्हणाली, “वयनी, मलापन पाठ झाला.” मग तो पुसून मावशींनी ओठ घट्ट मिटून दुसरा केला.

पार्लर गेलं, ‘घरगुती जेवण’ आलं. देऊकाका घामाघूम होऊन खाली उतरले, तेव्हा त्यांना कसं सांगावं ते चैत्रालीला कळेना.

“काका, त्याच माणसाने सोशल मीडियावरही तुमचं एक पान केलंय. त्यालाही कोड लागेल.”

देऊकाका ओटीवर बसले ते बसलेच. “बसा तुमी,” मावशी म्हणाल्या. त्यांनी काकांच्या हातातून फोन घेतला, लुगड्याचा ओचा खोचला आणि सखूला हाक मारली. दोघी टेकाड चढू लागल्या. मागच्या खेपेला त्या तिथे कधी गेल्या होत्या ते दोघींना आठवत नव्हतं, त्यावरूनच त्या वाटभर वाद घालत, खिदळत गेल्या. वर पोचल्यावर तर वाऱ्याने पदर उडाले आणि दोघी लहान मुलींसारख्या ओरडल्या. हसण्याच्या उसळ्यांमधून, दोघींनी एका सुरात ओरडलेला कोड एकेक आकड्याने खाली आला. पानाचं दार उघडताच चैत्रालीने खालूनच झूम करून कातळावरच्या दोघींचा फोटो काढला आणि तोच पहिला चढवला.

तेवढ्यात अंगणात राहिलेला मावशींचा फोन वाजला. देऊकाकांनी आजवर धंद्याचा एकही फोन घेतला नव्हता. त्यांनी चैत्रालीकडे बघितलं. तिने मान डोलावली.

“हा, बोला,” ते घसा साफ करून म्हणाले. “जेवन? व्हय, मिळंल. रविवारी? किती मान्सं?” मग त्यांचा चेहरा उजळत गेला. “या ना. गाडी झाडाखाली लावा. मी मालक बोलतोय.”