दाक्षायणीच्या बांगड्या

त्र्याहत्तरच्या दुष्काळात शेजारच्या दाक्षायणीचा नवरा संगप्पा वळसंगला खडी फोडायला गेला होता. तिकडून आलेला एकजण म्हणाला, "संगप्पा गेला." बायका रडत जमल्या, तिच्या बांगड्या फोडायला निघाल्या.

मी त्या निरोप आणणाऱ्याला विचारलं, "तोंड पाहिलंस का?"

"न्हाय. समदी बोलत्यात की."

"मग मी बघून येईपर्यंत हिच्या हाताला कुणी शिवायचं नाही."

माझी जाऊ चंद्रव्वा म्हणाली, "सोमवारच्या उपाशी पोटी पोलीस झालीस की गं!"

पूजा तशीच ठेवून मी एसटी धरली. तिथं तिघांना विचारलं, तरी मयताचा चेहरा पाहिलाच. तो दुसराच संगप्पा होता. आपला संगप्पा शेजारी डोळे पुसत उभा होता.

त्या दुसऱ्याच्या बायकोचे हात मात्र रिकामे झाले होते. म्हणून परतल्यावर तिचा संगप्पा जिवंत असल्याचं दाक्षायणीला मी गाजावाजा न करता हळूच सांगितलं.