अंगावरचं प्लास्टिक

मित्रांनो, अंगावरचं प्लास्टिक निघायच्या आधीच मी जुना झालो. मी शाळेतला डिजिटल फळा.

कारखान्यात मला तपासणाऱ्या ताईने बोटाने माझ्यावर फुलपाखरू काढलं होतं आणि "गुणी आहेस हं" म्हणाली होती. तेवढ्या कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मला शाळेत आणायला मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, कुठे कुठे खेटे घातले! मी आलो तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण बाईंनी लगेच बजावलं, "कुणी हात लावायचा नाही! ओरखडा पडला तर?" माझ्यावर फुलाफुलांचा अभ्रा चढला. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये गेली.

विज्ञानाच्या ताई कधीकाळी बाईंच्याच विद्यार्थिनी. त्या बिचाऱ्या किल्ली मागून थकल्या. "बाई, हृदय शिकवायचंय. अर्धा तास द्या ना."

"फळ्यावर काढ की खडूने. तुझा हात चांगला आहे."

खरं कारण मला एकट्याला ठाऊक होतं. शाळा सुटली की बाई येत, अभ्रा वर करत, बोट माझ्याजवळ आणत आणि चटका बसल्यासारखं मागे घेत. मला चालवायचं कसं, हेच त्यांना येत नव्हतं. जिला पेन्सिल धरायला शिकवलं, तिला विचारायचं कसं?

पाहुणे आले की मात्र माझी पूजा. ताईंनी मला सुरू करायचं, तेच हृदय दाखवायचं आणि मुलांनी तीच पाठ केलेली उत्तरं द्यायची. पाहुणे वाहवा करत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. काम न करता मिळालेलं कौतुक फार बोचतं, मित्रांनो.

एकदा असेच पाहुणे आले. इतके दिवस बंद राहून माझं अंग आखडलं होतं. पडदा काळाकुट्टच राहिला. ताई गोंधळल्या आणि सवयीने विचारून बसल्या, "मुलांनो, काय दिसतंय?"

"हृदय! त्याला चार कप्पे असतात!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"मला चष्मा बदलायला हवा," एक पाहुणे हसत म्हणाले. "बाई, मुलं हा वापरतात ना?"

"हो, म्हणजे... वापरतात."

पहिल्या बाकावरची चिमणी पटकन बोलली, "नाही हो! आम्हाला हात लावायचा नाहीये. मोठ्या बाईंनीच सांगितलंय."

बाईंची मान जी खाली गेली, ती पाहुणे गेल्यावरही वर आली नाही. मी तर काळाच होतो, म्हणून माझी लाज कुणाला दिसली नाही एवढंच.

"बाई, माझंच चुकलं," ताई म्हणाल्या. "आधी सुरू करून बघायला हवं होतं."

"बघणार कशी? किल्ली माझ्याकडे." बाई बाकावर टेकल्या. "मला हे येत नाही गं. तुला विचारायची लाज वाटली. आणि त्यापायी एवढ्या लेकरांना खोटं बोलायला लावलं."

"मला 'ळ' येत नव्हता, तेव्हा तुम्हीच माझा हात धरला होता."

"तेव्हा तू एवढीशी होतीस."

"मग आता तुमचा हात मी धरते. या."

"आत्ता नको," बाई उठल्या. "उद्या. वर्गात. ज्यांच्यासमोर लाज गेली, त्यांच्यासमोरच शिकते."

दुसऱ्या दिवशी ताईंनी खटपट करून मला सुरू केलं, पण माझं प्लास्टिक काही केल्या सुटेना. बाईंनी चिमणीला बोलावलं. "तुझी नखं बारीक आहेत. लाव हात."

चर्रर्र करत प्लास्टिक निघालं. ताईंनी बाईंचं बोट धरलं आणि माझ्यावर एक 'ळ' उमटला, वाकडातिकडा, पोट सुटलेला. वर्ग खो खो हसला. बाईंचे कान लाल झाले. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"बाई, पुन्हा काढा!" चिमणी म्हणाली. त्यांनी तळहाताने तो पुसला आणि पुन्हा काढला.

आता माझ्यावर ओरखडे आहेत आणि एक कोपरा हट्टी झाला आहे. किल्ली दाराशीच खिळ्याला लटकते. मित्रांनो, वस्तू जरूर जपा. हात स्वच्छ धुऊन या, पण या. आणि तुमच्या मोठ्यांचा 'ळ' वाकडा आला, तर हसा खुशाल. फक्त नंतर त्यांना "पुन्हा काढा" म्हणायला विसरू नका.