नावाआधीचा शब्द

"यातलं एक अक्षर इकडचं तिकडे नको, मास्तर," असं बजावून आबांच्या मुलाचा स्वीय सहायक चिठ्ठी हातात कोंबून गेला, आणि मास्तर मंचामागच्या खोलीच्या दाराशी खिळल्यासारखे उभे राहिले. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. आबांच्या मुलाच्या नावाआधी 'लोकनेते' लिहिलं होतं आणि इतकी वर्षं पुढारी असलेल्या आबांच्या नावाआधी 'मार्गदर्शक'.

आता बाहेरच्या माणसाला यात वावगं काय दिसणार? पण मास्तरांनी शाळा सांभाळून तीस वर्षं सभांचं निवेदन केलं होतं. कोशातला अर्थ मुलांना शिकवायचा, मंचावरचा आपण ओळखायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 'युवा नेते' पन्नाशीपर्यंत चालतं. 'तडफदार' म्हणजे बिचाऱ्याला अजून काही मिळालेलं नाही. 'कार्यसम्राट' हे ज्याचं त्यानंच सांगून लावून घेतलेलं असतं. 'ज्येष्ठ' म्हटलं की समजावं, उमेदवारी डळमळली. आणि 'मार्गदर्शक' म्हटलं की कारभार आटोपला. बसायला खुर्ची मिळते, बोलायला माईक मिळत नाही. मास्तरांनी स्वतः हा शब्द चार-पाच जणांना चिकटवला होता आणि घरी जाऊन पोटभर जेवलेही होते.

आज मात्र तो आबांना चिकटवायचा होता. आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बापाला तोंडावर सांगायची पोराची छाती झाली नाही, म्हणून भरसभेत ते मास्तरांच्या तोंडून वदवून घ्यायचं ठरलं होतं. आबांना कळणार ते पाच हजार माणसांच्या देखत.

शिवाय दोघांची जुनी रीत होती. सभेआधी मास्तर आबांना त्यांची विशेषणं वाचून दाखवायचे आणि आबा त्यातलं एक हमखास कापायचे. सगळं आपणच म्हटलं तर लोकांनी काय म्हणायचं, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आज वेळ नाही म्हणून सटकता आलं असतं. सटकावं असं मास्तरांच्या मनात आलंही, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ते आत गेले.

आबा चहा घेत होते. मास्तरांनी आवाज न चढवता दोन्ही ओळी वाचल्या. आबांनी कप खाली ठेवला, चिठ्ठी मागून घेतली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"अक्षर पोराचंच आहे," ते म्हणाले. "लहानपणापासून असंच उजवीकडे कलतं."

आबांनी सवयीनं खिशातली पेन्सिल काढली. कापायला आज एकच शब्द होता. तो त्यांनी सावकाश, सरळ रेघ मारून कापला आणि चिठ्ठी परत दिली.

"आता वाचा."

मास्तरांनी वाचलं. नुसतं नाव उरलं होतं.

"पुरे तेवढं. ते माझ्या बापानं ठेवलंय." मग पेन्सिल खिशात ठेवत आबा म्हणाले, "तुम्हाला मात्र उद्यापासून बोलावणं यायचं नाही, मास्तर."

"नसेना का," मास्तर म्हणाले. वाईट वाटलं नाही असं नाही. बायको गेल्यापासून सभा हाच त्यांचा गोतावळा होता.

सभा सुरू झाली. 'लोकनेते' म्हणताच टाळ्यांचा पाऊस पडला, धाकटे साहेब हात जोडून पुढे आले. मग मास्तरांनी आबांचं नाव घेतलं. फक्त नाव.

मैदान गप्प. विशेषणं संपली की टाळ्या वाजवायच्या, एवढंच लोकांना ठाऊक. विशेषणंच नाहीत तर वाजवायच्या कधी? खालून स्वीय सहायक डोळे वटारत होता. आबाही बसूनच होते. चार भारदस्त शब्द कानावर पडल्याशिवाय उठायचं नाही, ही त्यांचीही तीस वर्षांची सवय.

मास्तर माईक सोडून निघाले. सभा चालू असताना असं त्यांनी कधी केलं नव्हतं. सगळा मंच ओलांडून ते आबांच्या खुर्चीपाशी गेले आणि वाकले.

"माझं म्हणून झालं का?" आबांनी हळूच विचारलं.

"झालं. तुमचंच नाव होतं."

आबांनी त्यांचा हात धरला आणि गुडघ्यांवर जोर देत उठायला लागले. पलीकडे माईक चालूच होता, आणि त्याच्यापाशी कोणीच नव्हतं.