देण्याघेण्यातला पेचकस

"गिफ्ट में देना है आंटीजी, या काम में लेना है?"

राजा पार्कातल्या हार्डवेअरवाल्याने एवढंच विचारलं, आणि रमाताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"म्हणजे? दोन वेगवेगळे असतात?" मराठी ऐकून तो नुसता बघत राहिला, तेव्हा त्या हिंदीवर आल्या. "भैया, जिसको गिफ्ट देंगे, वो काम में नहीं लेगा क्या?"

"नहीं लेता," तो शांतपणे म्हणाला. "आगे दे देता है."

श्रीपादराव, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, एकदम भिंतीवरची कुलुपं निरखायला लागले.

पेटी

हिची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर रमाताई उगाच भांडकुदळ वाटतील.

आपल्या घरांतून साड्यांचा एक कप्पा असतो. देण्याघेण्यातल्या. त्या कुणी नेसायला विकत घेत नाही, कुणी नेसतही नाही; त्या फक्त फिरतात. रमाताईंच्या कपाटात त्याच कप्प्याखाली दोन भिंतीवरची घड्याळं, एक सरबताचा सेट आणि एक निळी पेटी होती. पारदर्शक झाकण, आत चाळीस हत्यारं, प्रत्येक आपापल्या खळग्यात चकाकत निजलेलं. श्रीपादरावांच्या निरोपसमारंभात कचेरीतल्या आनंदरावांनी दिलेली.

गेल्या महिन्यात तनयाने, त्यांच्या लेकीने, बनी पार्कात जुनं घर घेतलं. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पगारावर. लाकडी दारं, लाकडी खिडक्या, सगळी खिळखिळी. रमाताईंनी पेटीला लाल फीत बांधली आणि दिली.

उघडली नाही. फीतच बांधली.

चौथ्या दिवशी तनया स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी आवळायला गेली. जोर लावताच पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक पिळवटलं, दांडी घसरली आणि थेट डाव्या तळव्यात. चार टाके.

कुणाकुणाचा राग

आनंदरावांचा. एवढी वर्षं एका कचेरीत काढून हा माणूस असलं भंगार देतो!

असलं लोखंड ओतणाऱ्याचा. लोखंड तरी कसं म्हणायचं त्याला? वर मुलामा, आत काय देव जाणे.

"चालतं गं, मतलब, काही एवढं नाही झालं," असं पट्टी बांधल्या हाताने म्हणणाऱ्या लेकीचा.

आणि मग श्रीपादराव पेपरामागून म्हणाले, "आपण तरी कुठे उघडून पाहिली होती?"

त्यांच्याशी रमाताई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तो वाकडा पेचकस पर्समध्ये टाकून म्हणाल्या, "चला. रविवारी वास्तुशांत आहे. या खेपेला मी हत्यार घेणार आहे. भेट नाही."

पक्कड

राजा पार्कातून त्या तडक विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात गेल्या. तिथल्या कारखान्यांना माल देणाऱ्या एका दुकानात काउंटरवर वाकडा पेचकस ठेवला. "असा नको."

म्हातारा दुकानदार हसला नाही. हे रमाताईंना आवडलं. त्याने एक पक्कड मिटून उजेडासमोर धरली. दोन्ही जबड्यांमधून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. मग स्वस्तातली धरली. फट! तिच्यातून समोरचा रस्ता दिसला.

हातोडी

दांड्यातल्या लाकडाच्या रेषा उभ्या हव्यात, टोकापर्यंत. आडव्या असल्या तर एक दिवस डोकं उडतं. "किसका, ये पता नहीं," म्हातारा म्हणाला.

करवत

घेतली नाही. श्रीपादराव म्हणाले, "घेऊया की." म्हणून घेतली नाही.

पेचकस

रमाताईंनी फळी मागितली, स्क्रू मागितला, पदर खोचला आणि स्वतः पिळला. टोक खाचेत गच्च बसलं होतं. मनगट दुखलं. टोक तसंच्या तसं.

"एकतीस वर्षं सरकारी क्वार्टरं," त्या फळीकडे बघत म्हणाल्या. "एक खिळा ठोकायचा तर तुमच्या साहेबाची परवानगी."

"आता त्यात माझी काय—"

"तुम्ही बोलू नका."

नाव

पक्कड, हातोडी, पाना आणि दोन पेचकस घेऊन त्या भांड्यांच्या दुकानात नाव घालायला गेल्या. पातेल्यावर घालतात तसं. नाव घातलेली वस्तू फिरत नाही. ती कुणाची तरी होते. मजकूर कागदावर लिहून आणला होता: चि. तनया हिस, आईकडून.

यंत्र घरघरलं. सुई पेचकसाच्या दांडीवर टेकली आणि सरकली. पुन्हा टेकली, पुन्हा सरकली. डोळे बारीक केले तर एक पुसट 'त' दिसला.

"माल पक्का है आंटीजी. मेरी सुई नहीं पकड़ रही."

रमाताई पहिल्यांदा खूश झाल्या, आणि लगेच पुन्हा तापल्या. पर्समधून वाकडा पेचकस काढला. "इस पर देखो."

त्यावर सुई साबणात शिरावी तशी शिरली.

"क्या नाम लिखूँ?"

"रमा."

"खराब वस्तूवर स्वतःचं नाव?" श्रीपादराव कळवळले.

"दिला कुणी होता?"

कडी

रविवार. पूजा आटोपली, पंगत बसली. स्वयंपाकघरात खिडकीची कडी अजून एकाच स्क्रूवर लोंबकळत होती. रमाताईंनी साध्या फडक्यात गुंडाळलेली हत्यारं ओट्यावर उलगडली. तनयाने नवा पेचकस उचलला, खाचेत बसवला, पिळला. डाव्या तळव्यावरची पट्टी ताणली गेली. कडी गच्च बसली. तिने खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली.

मग तिला वाकडा दिसला. "आई, यावर तुझं नाव?"

"माझाच तो. माझ्याकडे राहील. मी उघडून न बघता दिला तुला."

"मला माहीत होतं, आई. हत्यारांखाली चिठ्ठी होती. 'आनंदकाकांना एकसष्टीच्या शुभेच्छा, मनीषा आणि दर्शन.' त्यांनाही मिळालेलीच होती ती. मतलब, सांगितलं नाही, म्हटलं तुला वाईट वाटेल."

"वाटू दे की! टाके तुझ्या हाताला, आणि मला वाईटसुद्धा वाटायचं नाही?" रमाताईंचा आवाज पार पंगतीपर्यंत गेला. "अशीच फिरते ती पेटी. कुणाला वाईट वाटू नये म्हणून!"

वाकडा पेचकस मुठीत धरून त्या बाहेर आल्या. आनंदराव बासुंदीची दुसरी वाटी घेत होते. त्यांच्या पाटाशेजारी सोनेरी कागदातलं एक चौकोनी खोकं होतं, लाल फीत बांधलेलं.

"अगं रमा," श्रीपादराव पानावरून अर्धे उठले.

"भावजी," रमाताई म्हणाल्या, "उघडा ते. इथेच. मी थांबते."