प्लंबरकाकांचं गुपित माझ्या कानी आलं

खिळ्याला टांगलेला, कानात घालायचं एक टोक काळं आणि दुसरं पांढरं असलेला जुना स्टेथोस्कोप, तो मीच. माझी नळी आता कडक झाली आहे. पण मित्रांनो, मी जे ऐकलं आहे ना, ते भल्याभल्यांनी ऐकलं नसेल.

कारखान्यात माझी चकती चकचकीत झाली, तेव्हा मला वाटलं, मी दागिनाच आहे. मग डॉक्टरबाईंनी मला पहिल्यांदा एका छातीवर टेकवलं. लब-डब, लब-डब. मुठीएवढं ते हृदय, आईच्या पोटात असल्यापासून एक दिवस सुट्टी नाही. माझी सारी ऐट तिथेच उतरली.

एकदा दवाखान्यात प्लंबरकाका आणि काकू आले. जिना चढताना काकांना धाप लागत होती. डॉक्टरबाईंनी मला कानात घातलं आणि काकांच्या छातीवर टेकवलं. आता यांना बाहेरचं काही ऐकू येणार नाही, अशा समजुतीने काका पुटपुटले, "ते दुसरं बोलू नकोस हं. लाज काढशील माझी."

"मग तुम्ही बोला. नाहीतर मी आहेच," काकू म्हणाल्या.

छातीतलं बोलणं माझ्यातून थेट डॉक्टरबाईंच्या कानात जातं, हे काकांना कुठे ठाऊक?

डॉक्टरबाईंनी मला अलगद काकांच्या पाठीवर सरकवलं. आता काकांना कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नव्हतं. "सांगा काका," त्या म्हणाल्या. काकांनी भिंतीला सांगितलं. वर्ष झालं, संबंधांच्या वेळी लिंगाला ताठरता येत नव्हती. त्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणायचा बेत होता.

"पाइपांत क्षार साचले, तर पाणी आधी कुठे अडतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बारीक पाइपात," काका पटकन म्हणाले. त्यांचे ठोके धावू लागले. मी ऐकत होतो ना.

"तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दर वेळी तेच कारण असतं असं नाही. पण कधीकधी हृदयाच्या दुखण्याआधी दोन-तीन वर्षं ही खूण दिसते. त्या गोळ्या मला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. आधी हृदय तपासू."

मला नवल वाटलं. एवढ्याशा वाहिनीने एवढ्या मोठ्या हृदयाची खबर द्यावी?

तपासणीत हृदयाची एक मोठी वाहिनी जवळजवळ बंद निघाली. हृदयाच्या डॉक्टरांनी ती वेळेवर उघडली. काकांनी सिगारेट सोडली, चालणं धरलं. पुढच्या खेपेस ते न थांबता जिना चढले. काकू म्हणाल्या, "आता मलाच धाप लागते यांच्यामागे."

मग नवा स्टेथोस्कोप आला आणि मी खिळ्यावर गेलो. कुणी माझी धूळ पुसली तर बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याआधी घरातल्या मोठ्यांना माझा एक निरोप द्या. मला छातीतलं सगळं ऐकू येतं. मनात दाबून ठेवलेलं मात्र मलाही ऐकू येत नाही. ते तुम्हालाच बोलावं लागतं.